मोडली नाई, टाकली

रविवार, पोळ्यानंतरचा पहिला. वेळ सकाळची. जागा: बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून असलेलं रजियाखालाचं मागचं अंगण. हजर: मी, रजियाखाला, तिचा मुलगा इरफान, सून शबाना आणि पाच वर्षांची नात सना. कोंबड्या उभ्या: बऱ्याचशा. कोंबड्या आडव्या: तीन.

माझं औषधांचं छोटं दुकान आहे, गुराकोंबड्यांचीही ठेवते. काय आलं, काय संपलं, कोणाला काय हवंय, हे मांडून ठेवल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. त्या सकाळीही मी मनात सगळं मांडलं, पण पुढे काही सुचेना. तिन्ही कोंबड्या कुशीवर पडल्या होत्या आणि जिवंत होत्या. पाय मागे सोडून दिलेले, जसे काही ते त्यांचे नव्हतेच. आवाज नाही, फडफड नाही. मरणारी कोंबडी मी पाहिलेली आहे, ती शेवटी तरी अंगण डोक्यावर घेते. या नुसत्या पडून आमच्याकडे बघत होत्या.

खाला उकिडवी बसली. तिने एकीला उचललं, आपलं मधलं बोट तिच्या पंजात दिलं आणि थांबली. मग दुसरीच्या पंजात. मग तिसरीच्या.

"धरत नाई," ती म्हणाली.

खालाची ही परीक्षा सगळ्या गल्लीला ठाऊक होती. अंड्यातून पिल्लू बाहेर आलं की ती त्याला बोटावर बसवून पाहायची. नखं रुतली की हसायची, "पकड हाये तं जीव हाये." माणसांनाही तीच कसोटी. तान्हं बाळ बघायला गेली की आधी त्याच्या मुठीत बोट. आमच्या सासूबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा रोज संध्याकाळी येऊन त्यांच्या हातात बोट द्यायची आणि बाहेर येऊन मला सांगायची, "अजून हाये बुढी. तू सयपाक कर." डॉक्टरांपेक्षा मला त्या बोटाचा जास्त आधार वाटायचा, आणि ज्या संध्याकाळी ती काही न बोलता निघून गेली, त्या संध्याकाळी मी समजले.

वीस वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मी तिला पहिल्यांदा "अहो खाला, तुम्ही" म्हटलं होतं. ती भिंतीवरून म्हणाली, "तुमी-गिमी म्हनशीन तं अंडे देनार नाई. आपल्या मावशीले अहो म्हनते काय कोनी?" तेव्हापासून ती खाला आणि तू. मी तिची "दवाईवाली". तिचे मालक रेल्वेत फिटर होते. ते गेल्यावर पेन्शन आणि कोंबड्या, एवढ्यावर तिने घर ओढलं. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे दोरा. तोंड फटकळ. कोंबड्यांना नावं तिनेच ठेवलेली: लैला, मेहरू, सगळ्यांच्या आधी दाण्यावर येणारी कलेक्टरीन. आणि सगळ्यात म्हातारी, बडी बेगम.

बडी बेगम पोळ्याच्या आठवडाभर आधी मेली. तिचं वयच झालं होतं, एक दिवस खुराड्यातून बाहेर आली नाही, इतकंच. आमच्याकडे मेलेली कोंबडी बहुतेक लोक नाल्याकडे फेकतात, पुढचं कुत्री बघतात. खालाला ते सोसायचं नाही. "जिनं मले इतके वर्स अंडे देले, तिले म्या कुत्र्याच्या तोंडी देऊ?" ती म्हणायची. अंगणाच्या कोपऱ्यात तिचं कागदी लिंबाचं झाड होतं. मेलेली प्रत्येक कोंबडी त्या झाडाखाली मातीत जायची. सनाने बडी बेगमवर झेंडूचं फूल ठेवलं, खालाने वरून ओंजळभर माती सारखी केली, हात झटकले आणि म्हणाली, "आता निंबू गोड लागतीन पाह्य." मी म्हटलं, गोड लिंबू घेऊन काय करायचं? ती म्हणाली, "तुह्या तोंडात पिळतो."

म्हणून त्या रविवारी तीन कोंबड्या एकदम आडव्या पडलेल्या पाहून मला बडी बेगम आठवली नाही. तिचं मरण वेगळं होतं. हे काहीतरी आलं होतं, बाहेरून.

गल्लीत तोवर बातमी पोचली होती. समोरचे काका फाटकापाशी येऊन आत न येता म्हणाले, "मानमोडी आली वाट्टे." मानमोडी हा कोंबड्यांचा जुना रोग, पुस्तकात त्याला राणीखेत म्हणतात. मान पिळवटते, पक्षी गोल गोल फिरतो आणि पाठोपाठ अख्खं खुराडं जातं. मी सरकारी दवाखान्यातल्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. रविवार होता, ते गावाला गेलेले. त्यांनी विचारलं, "मान मोडली का?" मी फोन बाजूला धरून खालाला विचारलं, "मान मोडली का म्हणतात." काका फाटकातून म्हणाले, "मोडली, मोडली." खालाही म्हणाली, "हो, मोडली." मी फोनवर सांगितलं, मोडली. डॉक्टर म्हणाले, मग तेच असणार. पडलेल्या वेगळ्या करा, उभ्या असलेल्यांना लस द्या. लस माझ्या दुकानाच्या फ्रिजमध्ये होती. शबानाने एकेक कोंबडी धरली, मी थेंब टाकले. काम नेटकं झालं. मला बरं वाटलं.

पडलेल्या तिन्ही संध्याकाळी गेल्या. खालाने त्यांना लिंबाखाली दिलं.

मंगळवारी आणखी पडल्या. त्यात कलेक्टरीनही होती. त्याच दिवशी "बर्ड फ्लू" हा शब्द गल्लीत शिरला. कोणी आणला ते कळलं नाही, पण दुपारपर्यंत तो सगळ्यांच्या तोंडी होता. दूधवाला खालाच्या दाराशी न येता कोपऱ्यावर किटली ठेवून गेला. दुकानात एक बाई हळू आवाजात मला विचारून गेली, "ताई, तुम्ही त्याइच्या घरी जाता ना अजून?" ज्यांच्याकडे दोन-चार कोंबड्या होत्या ते लोक खालाच्या फाटकासमोर उभे राहून मोठ्याने बोलू लागले. सरकारी माणसं पांढरे पोशाख घालून येतात आणि आजूबाजूच्या सगळ्या कोंबड्या मारून पोत्यात भरतात, हे प्रत्येकाने कुठेतरी पाहिलेलं होतं. एकाने तर म्हटलं, "एका बुढीच्या लाडापायी सारी गल्ली जाईन." खालाने ते ऐकलं. एरवी तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. त्या दिवशी तिने फाटक लावून घेतलं.

बुधवारी पहाटे सनाला ताप आला.

ही पोर कोंबड्यांतच वाढलेली. पडलेल्या कलेक्टरीनला मांडीवर घेऊन तिने पाणी पाजलं होतं. त्याच कोंबड्यांची अंडी तिने आदल्या सकाळी खाल्ली होती. ती खाटेवर पडून म्हणाली, "दादी, पाय दुखून राहिले." शबाना भिंतीला टेकून उभी होती. इरफान एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अम्मी, कोंबड्याइचे बी आधी पायच गेले ना." खाला खाटेजवळ बसली आणि तिने सनाच्या मुठीत बोट दिलं. "धर. जोरानं धर, बेटा. कोंबडीवानी नाई, घारीवानी." सनाने धरलं. थोड्या वेळाने खालाने पुन्हा बोट दिलं. मग पुन्हा. पोर कंटाळून रडायला लागली, तरी खालाचं बोट तिच्या मुठीतून सुटेना.

मी तिथेच उभ्या उभ्या ठरवलं. एक: इरफानने सनाला अमरावतीला बालरोगतज्ज्ञाकडे न्यायचं, आत्ता. दोन: मी अकोल्याला जायचं. मंगळवारी मी पुन्हा फोन केला तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं, तिथे तपासणी होते, मी कळवून ठेवतो, ताजा मेलेला पक्षी दोन पिशव्यांत बांधून बर्फात घाला, हातमोज्याशिवाय हात लावू नका. खाला म्हणाली, "मी येतो संग." मी म्हटलं, "तू कोंबड्यांपाशी थांब, फोन जवळ ठेव." ती थांबली. आमच्या ओळखीत तिने माझं मुकाट ऐकलेलं ते पहिलंच.

बडनेऱ्याहून गाडी वेळेवर मिळाली. थर्मोकोलचा डबा मी मांडीवर घट्ट धरला होता. चिकटपट्टीचे तीन वेढे मारूनही मला सारखं वाटत होतं की त्यातून काहीतरी बाहेर येतंय, दिसत नाही पण येतंय. शेजारच्या बाईने पिशवीतून केळी काढली, एक मला दिलं आणि डब्याकडे पाहून विचारलं, "मासोळ्या काय?" मी म्हटलं, "औषधं." तिच्या मांडीवर नातू होता. त्याने डब्यावर हात ठेवला. मी डबा इतक्या जोरात ओढला की तो दचकून रडायला लागला. बाई माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत राहिली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी केळं हातात धरून बसले होते.

अकोल्यातले डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण त्यांनी पक्षी समोर घेतल्यावर घाई सोडली. बराच वेळ पाहिलं. घशातून, मागून नमुने घेतले; हे फ्लूसाठी पुढे पाठवावेच लागतील म्हणाले. मग हात धुऊन मला विचारलं, "मान कशी होती? पिळली होती का?"

"मोडली होती," मी म्हटलं.

"म्हणजे कशी? वळून पाठीवर गेली होती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. मान मी पाहिली होती. तीन दिवस पाहत होते. पण "मोडली" हा शब्द काकांचा होता, तो रोगाच्या नावातून आला होता. आम्ही सगळ्यांनी नाव ऐकलं आणि मान तशीच असणार असं धरून चाललो. मी खालाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला.

"खाला, एक पडलेली हातात घे. मान वाकडी होते की कशी?"

तिकडे थोडी खुडबुड. मग आवाज आला. "नाई व बाई. वाकडी-गिकडी काई नाई. ओल्या फडक्यावानी लोंबते. मोडली नाई, टाकली तिनं मान."

डॉक्टर पुढे झुकले. "आजी, पिसं ओढून पाहा. येतात का हातात?"

"ओढा कायले लागते? हात लावला का येते."

"आणि फिरत होती का, गोल गोल? झटके?"

"काईच नाई. आधी पाय गेले, मंग पंख, मंग मान, मंग डोयाचं पातं. खालून वर चढलं, पुराच्या पान्यावानी."

डॉक्टरांनी विचारलं, काय खातात. ज्वारी, शिळी पोळी, भाजीचे देठ, आणि माती उकरून जे मिळेल ते, खाला म्हणाली. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "मेलेल्या कुठे टाकल्या?"

"टाकल्या नाई," खाला म्हणाली. तिचा आवाज थोडा चढला, टाकणं हा शब्दच तिला लागला होता. "मातीत देल्या. निंबाच्या झाडाखाली."

"किती खोल?"

फोनमधून कोंबड्यांचा नेहमीचा आवाज तेवढा येत होता, उभ्या असलेल्यांचा. मग खाला म्हणाली, "थ्या तिथीच उकरून राहिल्या, साहेब. आताबी."

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं ते असं. सडणाऱ्या मेलेल्या अंगात एक जंतू वाढतो, त्याचं विष तयार होतं. त्या अंगात पडलेल्या अळ्यांत ते विष उतरतं. कोंबड्या अळ्या वेचून खातात, कारण त्यांना त्याहून गोड दुसरं काही नसतं. विषाने अंग सैल पडत जातं, पायापासून मानेपर्यंत. पडलेली कोंबडी मेली, तिला पुन्हा तिथेच पुरलं, की पुढच्यांसाठी पुन्हा अळ्या. ते म्हणाले, शंभर टक्के सांगता येणार नाही, या विषाची तपासणी सोपी नसते, पण लक्षणं सगळी याच बाजूची आहेत. मी सनाच्या तापाचं सांगून विचारलं, माणसाला? ते म्हणाले, कोंबड्यांना होणारा हा प्रकार माणसात सहसा दिसत नाही. पण मुलीच्या डॉक्टरांना हे सांगा, फ्लूचं उत्तर येईपर्यंत अंडी खाऊ नका. "सहसा" हा शब्द मी परतीच्या गाडीत पूर्ण वेळ चघळत होते.

सनाचा ताप साधा निघाला. दोन-तीन दिवसांत उतरला. फ्लूचं उत्तरही पुढे "नाही" असं आलं. पण ती मधली वाट बघणं मला विसरता येत नाही. कारण त्यातच एका दुपारी आम्ही झाडाखाली उकरलं.

इरफान म्हणाला मी करतो. खालाने फावडं त्याच्या हातून घेतलं. तोंडाला फडकं, हातात माझ्या दुकानातले मोजे. एकेक वर येत होती आणि आम्ही टिनाच्या पत्र्यावर ठेवत होतो, शेवटी जाळून वर चुना टाकून वस्तीबाहेर खोल पुरायला. वर आलेल्या मातीत पांढरं काही वळवळत होतं आणि त्या वासात उभं राहणं कठीण होतं. जाळी लावलेल्या खुराड्यातून उरलेल्या कोंबड्या तिकडेच माना लांब करून बघत होत्या. त्यांना तिथे यायचं होतं. सगळ्यात खाली बडी बेगम होती. झेंडूचा नुसता देठ उरला होता.

खाला फावड्याला टेकून म्हणाली, "पाह्य दवाईवाली. कुत्र्याइनं नेली असती तं साऱ्या वाचल्या असत्या. माह्या मायेनंच मारल्या." मी म्हटलं, तुला काय माहीत होतं? ती म्हणाली, "हेच तं. मायेले डर नसते ना. बिनडर माया आन बिनझाकनाचं मडकं, दोनीत पाल पडते."

पडलेल्यांपैकी लैला एकटी तगली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रेचक मिठाचं पाणी, मी ड्रॉपरने आणि खाला चमच्याने. डोकं हातावर धरून ठेवावं लागायचं, नाहीतर ती वाटीभर पाण्यात बुडून मेली असती. चौथ्या की पाचव्या दिवशी खालाने भिंतीवरून हाक मारली. हाक कसली, किंचाळीच. मी पीठ मळत्या हाताने धावले. तिचं बोट लैलाच्या पंजात होतं, आणि एक नख, फक्त एक, वाकलं होतं. खाला रडत नव्हती. ती लैलाला शिव्या देत होती.

त्यानंतर खाला बदलली. कोंबड्या होत्या, पण ती सारखी मोजायची. एखादी बसून राहिली की धावायची, बोट द्यायची. सनाला दिवसातून दहादा हाक मारायची आणि पोर आली की नुसतं "जा" म्हणायची. लिंबाच्या झाडाखाली तिने विटा रचल्या. झाड मात्र त्या वर्षी असं लगडलं की फांद्या आमच्या भिंतीवर आल्या. तिने एकही लिंबू तोडलं नाही, कोणाला तोडू दिलं नाही. तिच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी दरवर्षी आमच्याकडे यायची, ती आली नाही. "त्या अकोल्याच्या डाक्टरले इचार," ती मला म्हणायची, "हे निंबू खाव का नाई. मुळं तिथूनच पेतात ना?" मी म्हणायचे, "अगं, झाडात नाही येत ते." "तुले काय माईत? तू दवाईवाली. डाक्टरले इचार." मी म्हणायचे, विचारते.

माघात एका सकाळी ती चुलीपाशी कलंडली. लकवा, उजवी बाजू. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात मी पोचले तेव्हा शबाना पायाशी बसली होती. खालाचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, चष्मा नव्हता, तिला कधी बिनचष्म्याचं पाहिलं नव्हतं म्हणून ती कोणी दुसरीच वाटली. मी तिच्या उजव्या हातात बोट दिलं आणि थांबले. मला ठाऊक होतं काय होणार, तरी थांबले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्याच परीक्षेचं उत्तर ती माझ्या तोंडावर वाचत होती आणि मला तोंड फिरवता येईना.

मग तिने डावा हात उचलला आणि माझं मनगट धरलं. नखं रुतली.

"इचा..." ती म्हणाली. पुढचं नीट आलं नाही. मला समजलं.

"विचारते, खाला."

ती दोन दिवस होती.

आता सना सहा वर्षांची आहे. कोंबड्या शबाना बघते, लैला अजून आहे, अंडी देत नाही. झाड पुन्हा लगडलं आहे. पिकलेली लिंबं आमच्या बाजूला पडतात, रोज सकाळी मी झाडूने गोळा करते, पिशवीत भरते, गाठ मारून कचरागाडीत देते. काल सना भिंतीवर चढून म्हणाली, "मोठी अम्मी, एक घेऊ? शरबत करतो." मी नको म्हटलं. का, हे तिने विचारलं, आणि मी पिशवीला गाठ मारली.

अकोल्याच्या डॉक्टरांचा नंबर दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवलेला आहे. फोन करायचा आहे.